‘सोपी वाट’ नक्की कोणासाठी सोपी? आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन इंग्लंडमध्ये चालताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही लेस्टरला राहता, साताऱ्याहून आई-बाबा आलेत (६६ आणि ७१, आईंचे गुडघे दुखतात), मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची. गेल्या महिन्यात ‘सोपी, सहा मैल, अडीच तास’ असं लिहिलेली वाट घेतलीत आणि साडेपाच तास लागले. बाबागाडी नऊ ठिकाणी उचलून पलीकडे द्यावी लागली, शेवटच्या कुरणात गाई उभ्या म्हणून सगळे खोळंबले. आता ऑगस्टमध्ये एक दिवस पीक डिस्ट्रिक्ट (मध्य इंग्लंडचा डोंगराळ भाग) आणि तीन दिवस ईशान्येला नॉर्थम्बरलँडचा किनारा ठरवलाय. तर किती किलोमीटरची वाट घ्यावी, समुद्राकाठी भीती कशाची, आणि आईंना साडीत जमेल का?

किलोमीटर मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी: वाटेत काय काय ओलांडायचंय, मधूनच मागे फिरता येतं का, आणि किनारा असेल तर पाणी कोणत्या वेळी कुठे असेल. तुमच्या त्या सहा मैलांचा घोटाळा पहिल्या दोन गोष्टींत आहे.

अडीच तास आले कुठून ते बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला: ताशी तीन मैल, आणि दर २००० फूट चढाईला वर एक तास. सहा मैलांना दोन तास, थोड्या चढाईची वीस-पंचवीस मिनिटं. आकडा बरोबर आहे, फक्त तो धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. तुमचा हिशोब मी असा मांडेन: सहा मैल म्हणजे ९.७ किलोमीटर. कुरणातून बाबागाडी ढकलत, दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाबरोबर ताशी अडीच किलोमीटर म्हणजे खूप झालं, त्याचे झाले जवळजवळ चार तास. नऊ अडथळे, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं. जेवणाला पाऊण तास. झाले की साडेपाच तास! तुम्ही हळू चाललात असं मुळीच नाही.

तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी चालणार असेल तर ताशी दीड किलोमीटर धरा, आणि जितकं वय तितके किलोमीटर ही मर्यादा माना. बाकी अंतर बाबागाडीत नाहीतर पाठीवरच्या कॅरियरमध्ये. आठ वर्षांचा मुलगा आठ किलोमीटर सहज चालेल, पण पुढे काहीतरी दिसत असेल तरच: किल्ला, बोगदा, पूल, दगडांवरून ओलांडायचा ओढा. नुसत्या हिरव्या कुरणांना तो दोन किलोमीटरांत कंटाळतो.

आता तो अडथळा. कुंपण किंवा गडगा ओलांडायला लाकडी वा दगडी पायऱ्या ठेवलेल्या असतात, त्याला इथे स्टाइल म्हणतात. कोकणातल्या आगराच्या बेड्यासारखाच हेतू: माणूस जावा, जनावर जाऊ नये. कमरेइतक्या उंचीवर एक पाय पलीकडे टाकावा लागतो, आणि दुखरा गुडघा नेमका तिथेच बोलतो. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. आईंना सांगा, वर पोचल्यावर तोंड फिरवून, शिडी उतरतो तसं पाठमोरं उतरायचं, हात खांबावर, पलीकडे एक माणूस आधीच उभा. पीक डिस्ट्रिक्टमध्ये दगडी गडग्यांत नुसती अरुंद फटही ठेवलेली असते. तिच्यातून माणूस आडवा होऊन जातो, बाबागाडी जात नाही. आणि किसिंग गेट म्हणजे अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक. त्यातून लहान घडीची गाडी कधी जाते, कधी नाही. मूल उतरवून गाडी वरून द्यायची तयारी ठेवा.

गोम अशी की हे अडथळे नकाशावर नसतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर नकाशा (१:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर) शेताची प्रत्येक हद्द दाखवतो, पण तिथे फाटक आहे की पायऱ्या, ते सांगत नाही. तरी त्यातून अंदाज काढता येतो. आपली वाट किती हद्दी ओलांडते ते मोजा. हिरव्या तुटक रेषांत आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे फूटपाथ (फक्त पायी जायची वाट), लांब तुकड्यांची म्हणजे ब्रायडलवे. ब्रायडलवेवरून घोडे नेण्याचा हक्क असतो, आणि घोडा काही पायऱ्या चढून कुंपण ओलांडत नाही, तेव्हा तिथे फाटकंच असतात. जमिनीवर फूटपाथची खूण पिवळा बाण, ब्रायडलवेची निळा. बाबागाडी असेल तर निळा बाण शोधा. एकच तोटा: पावसानंतर खुरांनी चिखल तुडवलेला असतो. शंका वाटली तर जिओग्राफ या संकेतस्थळावर नकाशाच्या चौकटीप्रमाणे लोकांनी टाकलेले फोटो असतात, त्यात वाटेवरची फाटकं बऱ्याचदा दिसतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे मुळातच अडथळे नसलेली जात निवडणं: बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग, कालव्याकाठची वाट, तलावाला फेरी. लेक डिस्ट्रिक्टच्या ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या यादीत अशाच वाटा आहेत, आणि पीक डिस्ट्रिक्टनेही त्याच नावाने आपल्याकडच्या वाटा दिल्यात. ही यादी करणाऱ्यांनी फाटकं, उतार आणि पृष्ठभाग बघितलेले असतात. ‘फॅमिली फ्रेंडली’ असं नुसतं लिहिलेल्या ब्लॉगपेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबतो.

पीक डिस्ट्रिक्टच्या दिवसासाठी म्हणूनच मॉन्सल ट्रेल. १८६३ साली सुरू झालेली आणि १९६८ साली बंद पडलेली मिडलँड रेल्वेची ही लाइन. आता बेकवेलपासून साडेआठ मैल सपाट रस्ता आहे. इंजिनांसाठी बांधलेला म्हणून चढ जवळपास जाणवत नाही. तुम्ही पूर्ण चालू नका. हॅसॉप स्टेशनला गाडी लावा (खाणं आणि स्वच्छतागृह तिथेच) आणि पश्चिमेला निघा. साधारण चार किलोमीटरवर हेडस्टोन बोगदा येतो आणि त्यातून बाहेर पडताच वाय नदीवरचा हेडस्टोन पूल. हीच वळायची जागा. मुलाला बोगदा मिळाला, पूल मिळाला, आणि एका दिशेला तास-दीड तासाचं सपाट चालणं झालं. आईंना आठ किलोमीटर जास्त वाटले तर ग्रेट लाँगस्टोनच्या जुन्या स्टेशनपाशी थांबून परत फिरता येतं. एकजण पुढे जाऊन गाडी घेऊन येऊ शकतो. गोल फेरीपेक्षा गेल्या वाटेने परत येणारी वाट मी कुटुंबांना सुचवतो ती यासाठी. गोल फेरीत अर्ध्यावर थकलात तर पुढे आणि मागे सारखंच अंतर उरतं.

बोगद्यात दिवसा दिवे असतात. २०११ साली हे बोगदे पुन्हा उघडले तेव्हापासून. पण आत ऑगस्टमध्येही गारठा असतो आणि छतावरून पाणी टपकतं. मुलीचं जाकीट हाताशी ठेवा. सायकली बऱ्याच असतात, तेव्हा मुलांना डावीकडे ठेवा आणि बोगद्यात हात धरा. सायकलवाला घंटी वाजवतो तेव्हा आपली माणसं दोन्ही बाजूंना पांगतात, धोका तिथेच.

गाईंबद्दल दोन शब्द जास्त, कारण तुमचे बाबा शेतकरी आहेत असं लिहिलंय. त्यांना आधीच सांगून ठेवा: इथली कुरणातली गाय आपल्या गोठ्यातल्या गाईसारखी नाही. मांसासाठी पाळलेल्या कळपाला माणसाच्या हाताची सवय नसते. वासरू जवळ असेल तर ती अंगावर येऊ शकते, आणि वजन सहाशे किलोच्या घरात. जवळ जाऊन हात फिरवायचा नाही, कितीही प्रेमाने बघत असली तरी. फाटकातूनच कुरण नीट बघून घ्या. वासरं दिसली तर कुंपणाच्या कडेकडेने लांबून जा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, पळू नका, मुलं मोठ्यांच्या मध्ये. वाटेवरच कळप उभा असेल तर वाट सोडून वळसा घ्यायला हरकत नाही. कुत्रा बरोबर असेल आणि गाई धावल्या तर त्याची साखळी सोडून द्यायची. तो पळून सुटतो, गाई त्याच्या मागे जातात. बैलाबद्दल कायदा स्पष्ट आहे: दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा बैल वाट जाते त्या कुरणात ठेवता येत नाही, इतर जातींचा असेल तर गाई-कालवडींबरोबरच. फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं असलेलं लावून टाकणं हा आपल्याकडून होणारा चांगुलपणाचा गुन्हा. पलीकडे गुरांचं पाणी असू शकतं.

आता समुद्र. भरती-ओहोटी बाबांना सांगायला सोपी जाईल, कारण शब्द आपल्याकडे तयार आहेत. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण (मोठी भरती), अष्टमीनंतर भांग (लहान भरती), हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून इथेही लागू पडतं. तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणी हिशोब मात्र इथे विसरा. इथे बंदरागणिक वेळ वेगळी. यूके हायड्रोग्राफिक ऑफिसच्या ईझीटाइडवर पुढच्या सात दिवसांच्या वेळा फुकट मिळतात. छापील तक्ता वापरलात तर तो बहुधा ग्रीनिच वेळेत असतो. ऑगस्टमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून त्यात एक तास मिळवा. हा एक तास विसरण्याची चूक फार महागात पडते, आणि का, ते बघा.

ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास. पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चढ चार मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर चढतं. बघणाऱ्याला वाटतं, काही होत नाहीये. तिसऱ्या तासात ते मीटरभर चढतं. पुळण सपाट असेल, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर उतार, तर त्या एका तासात पाण्याची कड पन्नास मीटर आत येते. वाळूतल्या खोलगट चरी आधी भरतात, आणि पाठीमागे पाणी आहे हे पुढे बघणाऱ्याला कळतच नाही. कड्याखालून, एका उपसागरातून दुसऱ्यात जाणारी वाट असेल तर ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीच्या क्षणी परतायला लागा. लहान मुलं बरोबर असतील तर अशी वाट घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत.

नॉर्थम्बरलँडमध्ये त्याची गरजही नाही. क्रॅस्टर गावापासून डन्स्टनबर्ग किल्ल्यापर्यंतची वाट घ्या: सुमारे दोन किलोमीटर, पाण्याच्या वर, गवतावरून, पायऱ्या नाहीत, फाटकं आहेत. किल्ला पहिल्या पावलापासून समोर दिसतो, हे या वाटेचं खरं बळ. आठ वर्षांच्या मुलाला ‘अजून किती?’ विचारावंच लागत नाही. जुन्या खाणीतल्या पे-पार्किंगमध्ये गाडी लावा, आणि ऑगस्टमध्ये साडेदहाच्या आत पोचा. स्वच्छतागृह तिथेच, सगळ्यांना उरकून घ्यायला लावा, पुढे सोय नाही. बंदरापाशी आलात की समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तरेला सरळ. जमीन उंचसखल आहे. मोठ्या चाकांची बाबागाडी धक्के खात जाईल, लहान चाकांची नाही. तिथे कॅरियर बरा. मेंढ्या चरत असतात, त्यांची लेंडी सगळीकडे. हातपुसणी घ्या.

१३१३ साली बांधायला घेतलेला हा किल्ला व्हिन सिल नावाच्या काळ्या खडकाच्या कड्यावर आहे. तो डोलराइट, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा भाऊबंद, फक्त जमिनीच्या पोटात थिजलेला. बाबांना तो ओळखीचा वाटेल. ओला झाला की तितकाच निसरडा, तेव्हा किनाऱ्यावरच्या काळ्या गोट्यांवर मुलांना उड्या मारू देऊ नका. आत तिकीट आहे, इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्टच्या सदस्यांना फुकट. कड्याच्या बाजूने सगळीकडे कठडे नाहीत, मुलीचा हात सोडायचा नाही. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा. उत्तरेचा वारा असेल तर जाताना तोंडावर, येताना पाठीशी, हे ठीक. दक्षिणेचा असेल तर थकलेल्या मुलांना परतताना वारा सोसावा लागतो, तेव्हा परतायची वेळ अर्धा तास लवकर धरा.

याच किनाऱ्यालगतच्या होली आयलंड बेटावर जाल तर रस्ताच दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे पाच तास, पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलँड काउन्टी कौन्सिल जाहीर करते, त्याच पाळा. रस्ता बरा दिसतोय म्हणून दहा मिनिटं उशिरा घुसणाऱ्यांच्या गाड्या दरवर्षी बुडतात. खांबांच्या रांगेने वाळूतून जाणारी पिल्ग्रिम्स वे ही वेगळी गोष्ट. जाहीर वेळा मोटारींसाठी असतात, वाळूवरून चालणाऱ्याला त्याहून कमी वेळ मिळतो. तुम्ही मोटारीने जा आणि बेटावर गावापासून किल्ल्यापर्यंत सपाट दीड किलोमीटर चाला. गढीवर चढायला पायऱ्या आहेत, आईंनी खाली बागेपाशी थांबावं.

कधी दक्षिणेला सेव्हन सिस्टर्सच्या समुद्रकड्यांवर गेलात तर तिथला खडक वेगळा, खडूचा: कडा न सांगता कोसळतो. वरून काठाशी उभं राहायचं नाही आणि खाली कड्याला टेकून डबा खायचा नाही. एक्सीटहून ककमियर हेवनला जाणारी सपाट वाट कुटुंबांसाठी उत्तम आहे.

बारीकसारीक पण नडणाऱ्या गोष्टी. ऑगस्टमध्ये उंच गवतात आणि नेच्यांत गोचीड असतात. परतल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यांच्या मागे, केसांच्या कडेला बघा. सापडला तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी लावायची नाही, चिरडायचा नाही. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला तर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, जा. पार्किंगचं ॲप घरीच टाकून घ्या, नाणीही ठेवा, कारण तिथे रेंज नसते. गावातल्या पबचं स्वयंपाकघर बऱ्याचदा दुपारी दोन-अडीचला बंद होतं, म्हणून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असू द्या. काही घडलं तर ९९९. किनाऱ्यावर कोस्टगार्ड मागा, डोंगरात पोलीस मागून मग माउंटन रेस्क्यू. दुबळ्या रेंजमध्ये मेसेज जातो, पण त्यासाठी आधी घरूनच ९९९ वर इंग्रजीत ‘रजिस्टर’ हा शब्द पाठवून आणि मग आलेल्या मेसेजला ‘येस’ असं उत्तर देऊन नोंद करावी लागते. आजच करा, बाबांच्या इथल्या सिमवरूनही.

आईंची साडी: मॉन्सल ट्रेलवर खुशाल, तिथे काही ओलांडायचंच नाही. क्रॅस्टरला मात्र वारा आणि ओलं गवत. सुती साडीचा काठ भिजला की घोट्याला चिकटतो आणि दिवसभर वाळत नाही (जीन्सचंही तेच). सिंथेटिक साडी घोट्याच्या वर नेसून, आत लेगिंग्ज, पदर खोचून वरून कमरेपर्यंतचं जाकीट, आणि खाली चपला नकोत, खडबडीत तळाचे बूट हवेत. नवे बूट घेतलेत तर आधी आठवडाभर घरात घालायला लावा. आणि उतारासाठी दोन काठ्या: दुकानात साधी जोडी मिळते, कोपर काटकोनात येईल इतकी उंची लावा, उतरताना थोडी वाढवा. आई आधी नको म्हणतील. पहिल्या उतारानंतर परत देणार नाहीत.